पहिलं ऑपरेशन १९६२ला झालं, पण दुसरं कधी?

आजची गोष्ट सुरू होते १९६२ साली, अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात. टिमी जीन लिंडसी नावाची बाई हॉस्पिटलमध्ये गेली होती टॅटू काढून घ्यायला. डॉक्टरांनी विचारलं, छातीचं एक नवीन ऑपरेशन करून घ्याल का? ती म्हणाली, आधी माझे कान नीट बसवून द्या! सर्जन होते फ्रँक गेरो आणि थॉमस क्रोनिन. सिलिकॉन इम्प्लांट बसवलेली ती जगातली पहिली स्त्री.

इम्प्लांट बसवायचं कसं, हे जमलं. पण ते बदलायचं किंवा काढायचं कधी? हे कळायला पुढची कित्येक वर्षं गेली, आणि त्याची किंमत मोजली बायकांनी.

पहिला धडा शरीरानेच दिला. बाहेरची वस्तू आत आली की शरीर तिच्याभोवती पडदा तयार करतं. काहींच्या बाबतीत तो आवळत जातो. जेम्स बेकर या सर्जनने त्याच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिलीत छाती मऊ, दुसरीत हाताला जरा टणक, तिसरीत आकार बिघडलेला दिसतो, चौथीत दुखतं. तिसरी-चौथी पायरी आली की दुसऱ्या ऑपरेशनचा विचार होतो.

दुसरा धडा, इम्प्लांट गुपचूप फाटू शकतं. १९९२मध्ये अमेरिकेच्या एफडीएने निव्वळ सौंदर्यासाठी सिलिकॉन जेलचा वापर थांबवला. २००६मध्ये परवानगी परत दिली, पण नियमित एमआरआय करत राहा असं सांगून. कारण फाटलं तरी बाहेरून काहीच कळत नाही.

मग आलं फ्रान्सचं पीआयपी प्रकरण. या कंपनीने इम्प्लांटमध्ये चक्क कारखान्यात वापरायचं सिलिकॉन भरलं होतं! २०१०मध्ये ते उघड झालं. २०११च्या अखेरीस फ्रेंच सरकारने सुमारे ३०,००० बायकांना सल्ला दिला: त्रास नसला तरी काढून घ्या. ब्रिटनचे तज्ज्ञ म्हणाले, सरसकट काढायची गरज नाही. इम्प्लांट तेच, पण सल्ले दोन! विचार करा, त्या बायकांचं काय झालं असेल?

२०१९मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांट्स परत मागवली. एका दुर्मिळ लिम्फोमाशी, म्हणजे एका प्रकारच्या कॅन्सरशी, त्यांचा संबंध दिसला होता. तरी एफडीए म्हणाली, लक्षणं नसतील तर काढू नका. पण काही वर्षांनी अचानक सूज आली, गाठ लागली, तर लगेच दाखवा.

तर या सगळ्यातून काय घ्यायचं? इम्प्लांट जन्मभराचं नसतं, पण 'दहा वर्षं झाली, बदला' असाही नियम नाही. सुरुवातीची सूज उतरून आकार बसायला काही महिने लागतात. म्हणून नुसता आकार आवडला नाही, तर सर्जन सहसा सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात. ताप, लालसरपणा किंवा वाढती सूज असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका. आणि कोणतं इम्प्लांट बसवलंय, त्याचं कार्ड जपून ठेवा. पीआयपीच्या वेळी पहिला प्रश्न तोच होता: तुमच्या आत नेमकं कोणतं आहे?

भेटूया पुढच्या भागात!