कर्नल लोडर: विश्वास कुठे तुटला?

फझिंगचा इतिहास सांगताना सगळे विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बार्टन मिलर यांच्यापासून सुरुवात करतात. 1988 मधली वादळी रात्र, डायल-अप लाइनवरची खरखर, तिच्यामुळे शिरलेली भलतीच अक्षरं आणि कोसळणारे युनिक्स प्रोग्राम. 1990 च्या शोधनिबंधात त्यांनी तपासलेल्या प्रत्येक युनिक्सवर 25 ते 33 टक्के प्रोग्राम पाडून दाखवले. गोष्ट छानच आहे, पण मला 2013 मधलं झेनचं प्रकरण जास्त शिकवणारं वाटतं.

खऱ्या मशीनवर बूटलोडर कर्नलच्या फाइलवर निर्धास्त विश्वास ठेवायचा. का नाही ठेवणार? क्षणभरात सगळं मशीन त्याच कर्नलच्या ताब्यात जाणार असतं! आता हेच व्हर्च्युअल मशीनमध्ये बघा. कर्नल भाडेकरूचा, पण तो वाचून मेमरीत मांडणारा कोड घरमालकाच्या बाजूला, होस्टच्या अधिकारांनी चालतो. कोड जवळपास तोच राहिला, विश्वासाची सीमा मात्र सरकली.

झेनमध्ये हे काम लिबएल्फ करतं. ईएलएफ फाइलच्या हेडरमध्ये कोणता तुकडा कुठे आणि किती बाइटचा, हे आकडे असतात. लिबएल्फ अनेक ठिकाणी ते न तपासताच बेरजा-गुणाकार करायचं आणि येईल त्या पत्त्यावर जायचं. बेरीज मावली नाही की ती गुंडाळून छोटी होते, मग मर्यादेची तपासणी असली तरी फसते. जून 2013 च्या एक्सएसए-55 या सूचनेचा गाभा हाच होता: स्वतःचा कर्नल देऊ शकणारा ग्राहक डोमेन उभारणाऱ्या टूलचे अधिकार मिळवू शकत होता. पुढे क्यूईएमयूच्या मल्टिबूट लोडरमध्येही असंच निघालं (सीव्हीई-2018-7550). लोड संपण्याचा पत्ता बीएसएस संपण्याच्या पत्त्यापेक्षा मोठा दिला की झालं.

मिलर यांच्यासारखे निव्वळ रँडम बाइट इथे चालत नाहीत. ईएलएफचे पहिले चार बाइट ठरलेले असतात; ते आपोआप जुळण्याची शक्यता सुमारे 429 कोटींत एक. मिखाउ झालेव्स्की यांच्या एएफएलने हा अडसर काढला: ज्या इनपुटमुळे कोडची नवी वाट उघडते ते जपायचं, त्यातच पुढचे बदल करायचे.

प्रयोग करणार असाल तर अख्खं व्हीएम सुरू करू नका. लोडरचं फंक्शन वेगळं काढा, झेनच्या सोर्समध्ये लिबएल्फसाठी असा स्वतंत्र फझर आहेच. बीज म्हणून पूर्ण कर्नल देऊ नका, हेडर आणि दोन-तीन छोटे तुकडे पुरतात. आणि गेस्ट मेमरीचा आकारही फझरच्या हातात द्या. मोठ्या मेमरीत गुपचूप लोड होणारी फाइल छोट्या मेमरीत काठाबाहेर लिहू शकते.