चोर सोडून संन्याशाला फाशी?

मंडळी, दिवाळी अंकात चकली-चिवड्याऐवजी बुरशीचा विषय काढतेय म्हणून रागावू नका. माझी नोकरी सेंट लुईसच्या एका डायलिसिस सेंटरमध्ये नर्सची होती. नव्वदीच्या दशकातल्या युद्धानंतर हजारो बोस्नियन निर्वासित आमच्या या शहरात आले. २००५ च्या सुमारास त्यांच्यातल्या एक आजी आमच्याकडे यायच्या. गाव सावा नदीकाठचं. यजमान आणि दीर, दोघंही किडनीच्याच आजाराने गेलेले. एकदा मशीन सुरू असताना त्या हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे म्हणायचे, बुरशीच्या मक्यामुळे होतं. मका माळ्यावर मीच भरायचे गं."

काय उत्तर देणार? घरी आले आणि वाचायला बसले.

डॅन्यूब आणि तिच्या उपनद्यांच्या काठच्या काही मोजक्या गावांत हा आजार दिसतो. एका गावात घरंच्या घरं, तर शेजारच्या गावात कुणीच नाही! १९५६-५७ च्या सुमारास बल्गेरिया आणि युगोस्लाव्हियातल्या डॉक्टरांनी त्याची नोंद केली. मूत्रपिंडं हळूहळू आक्रसतात, आणि अनेकांना मूत्रमार्गाचा कॅन्सरही होतो. नाव पडलं 'बाल्कन नेफ्रोपथी'.

पहिला संशय बुरशीवर, आणि तोही उगाच नव्हे. डेन्मार्कमध्ये १९२८ सालीच बुरशी आलेलं धान्य खाणाऱ्या डुकरांची मूत्रपिंडं बिघडल्याचं नोंदलं होतं. १९६५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी बुरशीतून 'ऑक्राटॉक्सिन ए' हे विष वेगळं काढलं. पुढे डॅनिश शास्त्रज्ञ पाले क्रोग यांनी तेच विष डुकरांना खाऊ घालून तसाच आजार घडवून दाखवला, आणि बाल्कनकडे बोट दाखवलं.

हे विष मूत्रपिंडालाच का छळतं? रक्तात त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरतं, म्हणून मूत्रपिंडाच्या गाळणीतून फारसं सुटत नाही. मग नलिकेच्या पेशी ते रक्तातून ओढून घेतात, बाहेर टाकायला म्हणून. पण बाहेर जाता जाता काही पुन्हा आत शोषलं जातं. घर झाडणाऱ्याच्याच नाकात धूळ जावी, तसं! माणसाच्या रक्तातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे ३५ दिवस लागतात, असं एका स्वयंसेवकावरच्या प्रयोगात दिसलं.

म्हणजे बुरशी जागेवर होती, हत्यारही हाती होतं. तरी गुन्हा तिनेच केला का?

इविच नावाच्या संशोधकाने १९६९ सालीच दुसरा संशयित सांगितला होता. गव्हाच्या शेतात उगवणारं ॲरिस्टोलोकिया हे तण. त्याच्या बिया कापणीत गव्हाबरोबर येतात आणि पिठात दळल्या जातात. फारसं कुणी ऐकलं नाही. मग १९९३ मध्ये बेल्जियममधून बातमी आली: वजन कमी करायच्या चिनी वनौषधी घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली. त्या औषधात चुकून याच कुळातली वनस्पती आली होती! अखेर २००७ मध्ये ग्रोलमन आणि त्यांच्या क्रोएशियन सहकाऱ्यांनी रुग्णांच्या मूत्रपिंडातल्या डीएनएवर याच वनस्पतीच्या विषाचे ठसे दाखवले. आज मुख्य दोषी तीच मानली जाते.

म्हणून बुरशी काही संन्यासी ठरत नाही हं. डुकरांना तिने खरंच मारलंय, आणि ऑक्राटॉक्सिन माणसात 'कदाचित कॅन्सरकारक' म्हणून नोंदलेलं आहे. ते साध्या शिजवण्याने पूर्ण जात नाही. तेव्हा आईने प्रेमाने दिलेलं तिखट दमट बेसमेंटमध्ये ठेवू नका, बुरशी दिसली तर वरवर झटकून वापरू नका, सरळ टाका. आणि 'हर्बल आहे, अपाय नाही' असंही म्हणू नका. आपलं ईश्वरमूळ याच ॲरिस्टोलोकियाच्या कुळातलं आहे.

आजींना मी त्या तणाचा फोटो दाखवला. चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ पाहिला. "हे? हे तर सगळ्यांच्याच शेतात होतं," त्या म्हणाल्या. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, "म्हणजे माझा मका नव्हता."

आज त्या नाहीत. पण ते वाक्य ऐकायला इतिहासाला पन्नास वर्षं लागली, हे मात्र मी विसरत नाही.