अर्थसंकल्पीय भाषणे, गोपाळ कृष्ण गोखले यांची

हिंदुस्थान सरकारच्या मध्यवर्ती कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले (१८६६–१९१५) यांनी १९०२ पासून पुढील काळात वार्षिक अंदाजपत्रकावर केलेली भाषणे. सरकारी तिजोरीत पैसा कोणाकडून येतो, तो कोणत्या कामी खर्च होतो आणि त्याच्या मोबदल्यात रयतेच्या पदरात काय पडते, असे तीन प्रश्न या भाषणांतून सातत्याने विचारलेले आढळतात. ते विचारणाऱ्यास अंदाजपत्रकातील एक रुपयाही कमी करण्याचा अधिकार नव्हता, ही गोष्ट त्यांचे मोल ठरविताना विसरता येत नाही.

१८६१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कायदेमंडळाचे काम पुढे आलेल्या विधेयकापुरतेच मर्यादित होते. एखादा नवा कर बसविण्यासाठी विधेयक आणावे लागले, तरच जमाखर्चाचा विषय तेथे निघे. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची व प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. परंतु ठराव मांडणे, मत देणे किंवा पुरवणी प्रश्न विचारणे त्यांना शक्य नव्हते. अध्यक्षस्थानी स्वतः व्हाइसरॉय असे व बहुमत सरकारी सभासदांचे असे. चर्चा मार्चअखेरीस होई, तोपर्यंत आकडे कायम झालेले असत. बहुतेक बिनसरकारी सभासद अर्थमंत्र्याचे अभिनंदन करून आपापल्या प्रांताची एखादी गरज सुचवीत आणि खाली बसत.

या कामाची गोखल्यांची तयारी पुष्कळ आधीची होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या हाताखाली त्यांनी पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन केले आणि सरकारी अहवाल वाचण्याची शिस्त तेथेच अंगी बाणवली. गणेश व्यंकटेश जोशी यांचे साहाय्यही फार मोलाचे होते. सरकारी शाळांतून मुख्याध्यापकी करणारे हे गृहस्थ महसूल, चलन व लष्करी खर्च यांच्या आकडेवारीचे असामान्य जाणकार होते (सार्वजनिक सभेचे ‘सार्वजनिक काका’ म्हणजे गणेश वासुदेव जोशी, ते निराळे). गोखल्यांच्या भाषणांना लागणारी टिपणे जोशी पुरवीत. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे लंडनमध्ये गोखल्यांनी डेक्कन सभेच्या वतीने साक्ष दिली, तीही या दोघांनी करवून घेतलेल्या तयारीच्या बळावर.

त्याच मुक्कामात एक कटू प्रसंग घडला. पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांविषयी आलेल्या पत्रांच्या आधारे गोखल्यांनी विलायतेत जाहीर विधान केले. परत आल्यावर त्याचा पुरावा पुढे येईना, तेव्हा त्यांना सरकारची माफी मागावी लागली. स्वकीयांची टीका त्यांना दीर्घकाळ सोसावी लागली. सरकारनेच छापलेल्या आकड्यांवर बोट ठेवून बोलण्याची त्यांची पुढील पद्धती या अनुभवाने अधिक पक्की झाली असावी.

१८९९ च्या अखेरीस ते मुंबई कायदेमंडळावर निवडून आले. १९०१ मध्ये जमीन महसूल कायद्यातील दुरुस्तीच्या निषेधार्थ फिरोजशहा मेहतांनी सभात्याग केला, तेव्हा गोखले त्यांच्याबरोबर बाहेर पडले. त्याच वर्षी मेहतांनी मध्यवर्ती कायदेमंडळातील जागा सोडली व तीवर गोखल्यांची निवड झाली.

२६ मार्च १९०२ रोजी लॉर्ड कर्झन यांच्या अध्यक्षतेखाली त्यांनी पहिले अर्थसंकल्पीय भाषण केले. अर्थमंत्री सर एडवर्ड लॉ यांनी सरत्या वर्षात सुमारे ७ कोटी रुपयांची शिल्लक दाखविली होती. शिल्लक पडण्याचे हे सलग चौथे वर्ष होते. याच काळात, १८९९–१९०० मध्ये, मुंबई इलाख्यासह देशाचा मोठा भाग भीषण दुष्काळाने होरपळला होता. या शिलकीबद्दल अभिनंदन करण्यास आपले मन धजत नाही, असे सांगून गोखल्यांनी सुरुवात केली आणि मग ती शिलकीच तपासावयास घेतली.

त्यांचा युक्तिवाद चलनाच्या अंगाने जातो. हिंदुस्थान सरकारला पेन्शने, व्याज, लष्करी सामान इत्यादींपोटी दरसाल दीड कोटी पौंडांहून अधिक रक्कम विलायतेस पाठवावी लागे. चांदीचा भाव घसरत गेला तशी ही रक्कम रुपयांत अधिकाधिक जड होऊ लागली. ती तूट भरून काढण्यासाठी करांचा बोजा वाढविण्यात आला. मिठावरील कर १८८८ मध्ये दर मणास दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. १८९३ मध्ये खाजगी चांदीचे नाणे पाडून देण्याचे टांकसाळींनी बंद केले. त्यामुळे १३ पेन्सपर्यंत उतरलेला रुपया पुढील काही वर्षांत १६ पेन्सवर स्थिर झाला. १३ पेन्सच्या भावाने एक पौंड भागविण्यास सुमारे साडेअठरा रुपये लागत, १६ पेन्सच्या भावाने १५ रुपये पुरत. म्हणजे दर पौंडामागे साडेतीन रुपये वाचू लागले. तूट संपली, पण तुटीच्या नावाने बसविलेले कर तसेच राहिले. ही शिल्लक म्हणजे देशाची भरभराट नसून रयतेकडून गरजेपेक्षा जास्त घेतलेला पैसा होय, असा निष्कर्ष गोखल्यांनी काढला.

शिवाय रुपया महाग झाल्याचा दुसरा परिणाम शेतकऱ्यावर होत होता. परदेशी जाणाऱ्या धान्याचा व कापसाचा भाव सोन्यात ठरे. त्याचे रुपये आता कमी येत, सारा मात्र पूर्वीइतक्याच रुपयांत भरावा लागे. दर न वाढविता कर वाढल्याचा हा प्रकार कोणत्याही सरकारी तक्त्यात दिसत नव्हता. तो उघड करून दाखविणे, हा या भाषणातील सर्वांत महत्त्वाचा भाग मानावा लागेल.

मिठावरील करासंबंधीचे त्यांचे विवेचनही असेच आहे. मिठाचा दरडोई वार्षिक खप १० पौंडांच्याही खाली आला असून निरोगी प्रकृतीस याच्या दुप्पट मीठ लागते, असे वैद्यकीय मत त्यांनी सभागृहापुढे ठेवले. कर गरिबांना कितपत जड जातो, याचे माप त्यांनी दुकानावरच्या खपात शोधले. १९०३ मध्ये हा कर दर मणास दोन रुपयांवर, १९०५ मध्ये दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. १९०३ मध्येच प्राप्तिकराची किमान मर्यादा ५०० रुपयांवरून १,००० रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. या सवलतींचे सारे श्रेय एका सभासदास देणे योग्य होणार नाही. शिलकी पडत असल्याने सरकारलाही काही सोडणे सोपे होते, आणि काँग्रेसची मागणी जुनी होती. तथापि कर उतरल्यावर खप वाढला, हे गोखले पुढील भाषणांतून आकड्यांनिशी दाखवीत राहिले व पुढची कपात मागत राहिले. देशी गिरण्यांच्या कापडावरील साडेतीन टक्के जकातीबाबत मात्र त्यांना यश आले नाही. ती १९२६ मध्ये रद्द झाली.

लष्करी खर्च व वरिष्ठ नोकऱ्यांतील युरोपियनांचे पगार हे त्यांच्या टीकेचे नेहमीचे विषय होते. तेथे सरकार फारसे हलले नाही. शिल्लक रेल्वेच्या भांडवलाकडे वळविली जाई, यावरही त्यांचा आक्षेप होता. रेल्वेसाठी कर्ज काढता येते. करांतून उरलेला पैसा प्राथमिक शाळा, पाणीपुरवठा व आरोग्य यांसाठी स्थानिक संस्थांना द्यावा, असे ते म्हणत. पाचांपैकी चार खेड्यांत शाळा नाही, ही कबुली १९०४ च्या शिक्षणविषयक सरकारी ठरावातच होती. गोखल्यांनी तिचा पुरेपूर उपयोग केला.

१९०९ च्या मोर्ले–मिंटो सुधारणांनी ठराव मांडण्याचा व मूळ प्रश्नकर्त्यास पुरवणी प्रश्न विचारण्याचा हक्क दिला. ठराव सरकारवर बंधनकारक नव्हते. फेब्रुवारी १९१० मध्ये नाताळला जाणाऱ्या करारबद्ध मजुरांची भरती थांबविण्याचा गोखल्यांचा ठराव सरकारने मान्य केला. जानेवारी १९११ मध्ये मुलकी व लष्करी खर्च का वाढला याच्या चौकशीसाठी सरकारी व बिनसरकारी सभासदांची समिती नेमावी, असा ठराव त्यांनी मांडला.

मार्च १९१० मध्ये त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा ठराव आणला होता. इंग्रजी मुलखात लोकसंख्येच्या १·९ टक्केच मुले शाळेत आहेत, हा आकडा इतर देशांच्या आकड्यांशेजारी ठेवून त्यांनी बडोदे संस्थानचा दाखला दिला. सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात सक्ती लागू केली होती. एका संस्थानिकास जे झेपले ते साम्राज्यास का झेपू नये, या प्रश्नाला सरकारजवळ सरळ उत्तर नव्हते. आश्वासन मिळाल्यावर ठराव मागे घेण्यात आला व त्याच वर्षी स्वतंत्र शिक्षण खाते निघाले.

१६ मार्च १९११ रोजी त्यांनी याविषयीचे विधेयक मांडले. ते मुद्दामच मवाळ ठेवले होते. जेथे मुलांचे शाळेतील प्रमाण आधीच पुरेसे आहे तेथेच, आणि सरकारच्या पूर्वसंमतीने, स्थानिक संस्थेने सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलांवर सक्ती करावी. मुलींचा समावेश नंतर करता यावा. दरमहा दहा रुपयांहून कमी प्राप्ती असलेल्या पालकाकडून फी घेऊ नये. खर्चाचा दोनतृतीयांश भाग सरकारने सोसावा, अशी त्याची रूपरेषा होती. डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात लोकशिक्षणासाठी ५० लाख रुपयांची देणगी जाहीर झाली, तरी विधेयकाला सरकारचा विरोधच राहिला. प्रांतिक सरकारे अनुकूल नाहीत, लोकांची मागणी नाही आणि सक्तीवाचून प्रसारास अजून वाव आहे, ही शिक्षणमंत्री सर हारकोर्ट बटलर यांच्या बाजूची कारणे होती. मदनमोहन मालवीय, महंमद अली जिना प्रभृतींनी विधेयकास पाठिंबा दिला; जमीनदार वर्गातील काही हिंदी सभासद मात्र विरोधकांत होते. मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी ते फेटाळले गेले. हा निकाल गोखल्यांस अनपेक्षित नव्हता व तसे त्यांनी सभागृहात बोलूनही दाखविले.

या मार्गावर जहाल पक्षाचा विश्वास नव्हता. लोकमान्य टिळक स्वतः १८९५ ते १८९७ या काळात मुंबई कायदेमंडळाचे सभासद होते. ज्या सभागृहात सरकारचे बहुमत कायमचे ठरलेले आहे, तेथील वादाने सत्ता हलत नाही, हे त्यांचे मत. लष्करी खर्च व विधेयक यांची वाताहत पाहता त्यात तथ्य दिसते. परंतु उत्तर देणे भाग पडावे असा प्रश्न कसा रचावा, याचा वस्तुपाठ गोखल्यांनी घालून दिला, हेही नाकारता येत नाही. अर्थमंत्री सर गाय फ्लीटवुड विल्सन त्यांना विरोधी पक्षनेता म्हणून संबोधत, तेव्हा तसे पद वा पक्ष अस्तित्वातही नव्हता.

गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यास निवर्तले. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्तीची मुभा देणारा कायदा झाला. त्याचा साचा १९११ च्या विधेयकाचाच होता. १९१९ च्या सुधारणांनंतर खर्चाच्या काही बाबींवर विधानसभेला मतदानाचा हक्क मिळाला आणि १९२१ मध्ये लोकलेखा समिती अस्तित्वात आली. १९२३ मध्ये सरकारने मिठावरील कर पुन्हा अडीच रुपये करण्याचे ठरविले. विधानसभेने तो प्रस्ताव नामंजूर केला. व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांनी आपल्या खास अधिकारात तो लागू केला, आणि पुढील वर्षी कर सव्वा रुपयावर आणावा लागला.