शिशिर सरताना घरच्या बागेची तयारी

पंचांगात वसंत चैत्र-वैशाखाचा असला, तरी कोकणपट्टीत त्याची चाहूल माघातच लागते. रथसप्तमी उलटली की पहाटेचा गारवा तेवढा उरतो आणि दुपारचे ऊन चटका देऊ लागते. कल्याणजवळच्या मोहने, आंबिवली, अटाळी, वडवली या उल्हास नदीकाठच्या वस्त्यांत हा बदल अधिक लवकर जाणवतो. समुद्रापासून अंतर असल्याने खारा वारा येथे उशिरा पोहोचतो आणि मुंबईच्या तुलनेत दुपार अधिक तापते. त्यामुळे थंडीच्या देशांत वसंत ही बाग फुलवण्याची सुरुवात असली, तरी येथे तो उन्हाळ्याचा उंबरठा ठरतो. रथसप्तमी ते होळी या चार-पाच आठवड्यांत केलेल्या कामांवर मे महिन्यात कुंडीतील झाड तगणार की नाही, हे अवलंबून असते.

आधी ऊन पाहावे

खत-मातीकडे वळण्यापूर्वी गॅलरीत आणि गच्चीवर ऊन कोठे, किती वेळ येते, हे पाहून घ्यावे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्याने दक्षिणाभिमुख गॅलरीत ऊन खोलवर येते. २१ मार्चच्या सुमारास दिवस-रात्र समान होतात आणि मेच्या मध्याला ठाणे-कल्याण परिसरात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. तोपर्यंत दक्षिणेच्या गॅलरीतील ऊन बरेच आटते, तर पश्चिमेकडील गॅलरी आणि उघडी गच्ची भाजून निघते. म्हणून डिसेंबरात ज्या जागी रोप सुखाने वाढले, तीच जागा एप्रिलमध्ये योग्य असेल असे नाही. शोभेची पानझाडे, नेचे आणि कोवळी रोपे फेब्रुवारीअखेर पूर्वेच्या कोवळ्या उन्हाकडे हलवावीत. गच्चीवर हिरवी जाळी बांधायची असल्यास बांबू आताच उभारावेत; जाळी मात्र मार्चमध्ये ऊन वाढल्यावर ताणावी.

माती बदलणे आणि खत

वर्षभर पाणी घालून कुंडीतील माती घट्ट होते व मुळे तळाशी गोल फिरून गुंतलेली असतात. माती किंचित कोरडी असताना झाड गोळ्यासह काढावे, बाहेरची गुंतलेली मुळे थोडी छाटावीत आणि नव्या मिश्रणात लावावे. एक भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट हे प्रमाण शहरी बागेला सोयीचे आहे. १२ इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड पुरेशी होते. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा उपडा ठेवावा. जुनी माती फेकू नये. ती प्लास्टिकच्या कागदावर पसरून आठवडाभर कडक उन्हात तापवावी. किडींची अंडी, कोष व बुरशी बऱ्याच अंशी नष्ट होतात. नंतर खत मिसळून ती पुन्हा वापरता येते. पुनर्लागवड झालेले झाड सात-आठ दिवस सावलीत ठेवावे. हे काम मार्चच्या पहिल्या आठवड्यापलीकडे लांबवू नये, कारण कडक उन्हात दुखावलेली मुळे सावरत नाहीत.

खतासाठी घरचा ओला कचरा हाताशी असतो. कचऱ्याचे वर्गीकरण २०१६ च्या घनकचरा नियमांनीच बंधनकारक केले. भाजीची देठे आणि साली, दुप्पट सुका पालापाचोळा आणि थोडे आंबट ताक यांचे थर भोके पाडलेल्या बादलीत रचल्यास दोन-तीन महिन्यांत खत मिळते. या दिवसांत देशी बदाम, आंबा आणि पिंपळ यांची पानगळ भरपूर असते. ती जाळण्याऐवजी पोत्यात भरून ठेवावी. रसवंतीतील उसाची चिपाडेही उपयोगी पडतात. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून अशा टाकाऊ जैवभारापासून सुपीक माती घडवण्याचा विचार महाराष्ट्रभर पोहोचवला, अनेक गच्चीबागांची प्रेरणा त्यातच आहे.

जलपर्णीचा मोह टाळावा

उन्हाळा जवळ आला की उल्हास नदीच्या पात्रात, विशेषतः मोहने परिसरात, जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. फुकट मिळणारा हा जैवभार खतासाठी आकर्षक वाटतो. मात्र नदीत सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी मिसळत आले आहे आणि जलपर्णी पाण्यातील जड धातू शोषून साठवते. कुजल्यानंतरही हे धातू नष्ट होत नाहीत. त्यामुळे भाजी, कढीपत्ता, तुळस, पुदिना अशा पोटात जाणाऱ्या झाडांना जलपर्णीचे खत वा आच्छादन वापरू नये.

छाटणी कोणाची, किती

मोगऱ्याला फूल नव्या फुटव्यावर येते. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात त्याला काही दिवस पाण्याचा ताण द्यावा, शेंडे छाटून जुनी पाने काढावीत आणि मग खत-पाणी सुरू करावे. चैत्रात बहर मिळतो. जास्वंद व कढीपत्ता यांची हलकी छाटणी चालते. गुलाबाची मोठी छाटणी पावसाळ्यानंतरची असते. आता केवळ वाळलेली फुले आणि रोगट काड्या काढाव्यात. शेवंती फुलून गेल्यावर जमिनीपासून चार-पाच इंच ठेवून कापावी आणि बुडाशी आलेले फुटवे जपावेत. पिटुनिया, फ्लॉक्स, डायंथस अशी हंगामी फुलझाडे फेब्रुवारीअखेर थकतात. झेंडूचे बी वाळवून ठेवावे आणि कुंड्या भाजीसाठी मोकळ्या कराव्यात. छाटणीपूर्वी फांद्यांत एकदा डोकावून पाहावे. बुलबुल, शिंजीर यांची घरटी याच सुमारास बांधली जातात.

काय लावावे

भेंडी, गवार, चवळी, काकडी, दुधी, दोडका, कारली आणि लाल माठ ही उन्हाळी लागवड फेब्रुवारीत उरकावी. वेलभाज्यांना किमान दीड फूट खोल कुंडी लागते. पालक आणि मेथी उष्णतेत लवकर फुलावर येतात, तर टोमॅटोची फुले गळतात. त्यांचा हट्ट धरू नये. निशिगंधाचे कंद मार्च-एप्रिलमध्ये, तर हळद व आले मेमध्ये लावावे.

पाण्याचा हिशेब

खरी कसोटी पाण्याची आहे. मोहने हे नाव बाहेरच्यांना बहुधा २००९ साली बंद पडलेल्या एनआरसी कारखान्यामुळे ठाऊक असते. परंतु शहराची तहान भागवणारे पाणीही महापालिका येथील नदीपात्रातूनच उचलते. बारवी आणि आंध्र धरणांतून येणाऱ्या पाण्यावर उन्हाळ्यात नदीचा प्रवाह टिकतो आणि साठा कमी झाला की जिल्ह्यात पाणीकपात येते. ज्या गावाच्या काठाने नदी वाहते, तेथेही बागेला नळ सोडून ठेवण्याची चैन परवडणारी नाही.

सकाळी लवकर, बोटाचे पेर मातीत खुपसून ओल नसल्यासच पाणी द्यावे. मातीवर दोन इंच सुक्या पानांचे किंवा नारळाच्या सोडणाचे आच्छादन घातल्यास बाष्पीभवन लक्षणीय घटते. मोठ्या कुंडीत मातीचे न भाजलेले नव्हे, तर भाजलेले पण झिलई नसलेले छोटे मडके गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरावे. ते झिरपून मुळांना पोहोचते. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी झाडांना चालते, साबणाचे चालत नाही. जलशुद्धीकरण यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार अधिक असतात. ते साध्या पाण्यात मिसळून अधूनमधूनच द्यावे.

कीड आणि गच्ची

ढगाळ हवेत मावा, तर कोरड्या उन्हात लाल कोळी व पिठ्या ढेकूण वाढतात. पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा फवारा मारावा. न हटल्यास एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि दोन-चार थेंब पातळ साबण मिसळून सायंकाळी फवारावे.

गच्चीवर वाफे करण्यापूर्वी गृहनिर्माण संस्थेची परवानगी आणि स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावा. एक चौरस मीटर जागेवर फूटभर ओल्या मातीचे वजन सुमारे ४८० किलो भरते. पालापाचोळा आणि कोकोपीट वापरल्यास हा भार कमी होतो. वाफे थेट स्लॅबवर न रचता विटांवर उंच ठेवावेत, म्हणजे पाणी वाहून जाते व खालच्या घरात ओल उतरत नाही. ही कामे होळीपूर्वी हातावेगळी झाली, तर गुढीपाडव्याला मोगऱ्याची पहिली फुले घरचीच असतील आणि मृगाच्या सरींपर्यंत बाग हिरवी राहील.