न बांधलेल्या घराचे छायाचित्र

शहराबाहेर जाणाऱ्या कोणत्याही रस्त्याच्या कडेला आजकाल मोठमोठे फलक दिसतात. फलकावर दहा मजली इमारत असते. तिच्या सज्जांवर संध्याकाळचे तिरपे ऊन पडलेले असते, काचांत ढग उमटलेले असतात, पुढच्या हिरवळीवर झाडाची सावली असते. फलकामागे पाहावे तर मोकळी जमीन, फार तर पायाचा खड्डा. जी वस्तू अजून जगात नाही, तिचे हे छायाचित्र आहे. आणि ते पाहून माणसे आयुष्यभराच्या बचतीतून आगाऊ रक्कम भरतात.

ही चित्रे पुष्कळदा तीन-चार माणसांच्या लहान कार्यालयांत तयार होतात. अशा कार्यालयापुढे एक प्रश्न कायम असतो. पैसे मोजके आहेत, मग संगणक कोणता घ्यावा? एक महागडा, की चार साधे? खर्च प्रोसेसरवर करावा की ग्राफिक्स कार्डावर? हा प्रश्न वरवर दुकानात सुटणारा वाटतो. परंतु त्याचे उत्तर संगणकाने चित्र काढण्याच्या गेल्या साठ वर्षांच्या इतिहासात सापडते, आणि त्या इतिहासात आपण वर्गात शिकवतो ती भूमिती, प्रकाशाचे परावर्तन आणि संभाव्यता हे तिन्ही विषय येतात. म्हणून तो थोडक्यात पाहू.

उलट्या दिशेने जाणारा किरण

दूरची वस्तू लहान कशी काढावी याचे भूमितीय नियम पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समधील कलावंतांना माहीत झाले होते. वास्तुविशारद त्याच नियमांनी, पट्टी आणि जलरंग वापरून, नियोजित इमारतीचे चित्र काढत. १९६३ साली अमेरिकेतील एम. आय. टी. मध्ये आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ हा कार्यक्रम तयार केला आणि संगणकाच्या पडद्यावर थेट रेखाटन करता येऊ लागले. पण रेषा म्हणजे इमारत नव्हे. इमारत डोळ्यांना दिसते ती प्रकाशामुळे.

प्रकाश दिव्यापासून निघतो, वस्तूवर आपटतो आणि डोळ्यात शिरतो. हा प्रवास संगणकात जसाच्या तसा करायचा म्हटले तर एक अडचण येते. दिव्यातून निघालेल्या बहुतेक किरणांची डोळ्याशी गाठच पडत नाही, त्यामुळे त्यांचे गणित वाया जाते. यावरची युक्ती सोपी आहे. डोळ्यापासून निघावे, चित्रातील प्रत्येक बिंदूतून उलटा किरण सोडावा, तो कोठे आपटतो ते पाहावे आणि तेथून दिव्याकडे दुसरा किरण सोडावा. वाटेत काही आडवे आले तर तो बिंदू सावलीत आहे. आय. बी. एम. मधील आर्थर अ‍ॅपेल यांनी १९६८ साली या पद्धतीने सावल्यांसह चित्रे काढली. छटा भरण्यासाठी त्यांनी आरेखन यंत्राकडून कागदावर बारीक अधिक चिन्हे उमटवून घेतली. नुसत्या रेषांच्या चित्रापेक्षा या पद्धतीला काही हजार पट अधिक गणित लागते, हेही त्यांनीच नोंदवून ठेवले.

येथून दोन वाटा फुटल्या. एक झटपट युक्तीची आणि दुसरी सावकाश सत्याची. पहिली वाट युटा विद्यापीठात रुंदावली. आंरी गुरो यांनी १९७१ साली आणि बुई तुओंग फोंग यांनी १९७५ साली वक्र पृष्ठभाग गुळगुळीत दिसावा यासाठी छटांची सोपी सूत्रे दिली. ही सूत्रे प्रकाशाचा सर्व प्रवास मोजत नाहीत, पण डोळ्याला पटतील अशा छटा देतात. आजच्या संगणकीय खेळांचे आणि ग्राफिक्स कार्डांचे मूळ या वाटेवर आहे.

चौऱ्याहत्तर मिनिटे

दुसऱ्या वाटेवरचा मोठा टप्पा १९८० सालचा. बेल प्रयोगशाळेतील टर्नर व्हिटेड यांनी किरणाला एकदाच न आपटवता, आरशासारख्या पृष्ठभागावरून परावर्तित होऊ दिले आणि काचेतून वक्रीभूत होऊन पुढेही जाऊ दिले. बुद्धिबळाच्या पटासारख्या जमिनीवर तरंगणारे दोन गोल, असे त्यांचे चित्र प्रसिद्ध आहे. ६४० × ४८० बिंदूंच्या त्या चित्राला व्हॅक्स ११/७८० या संगणकावर ७४ मिनिटे लागली.

येथे थोडा हिशेब करू. ६४० × ४८० म्हणजे ३,०७,२०० बिंदू, आणि ७४ मिनिटे म्हणजे ४,४४० सेकंद. म्हणजे सेकंदाला सुमारे ६९ बिंदू झाले. फलकासाठी १ कोटी बिंदूंचे चित्र हवे असेल, तर त्याच वेगाने सुमारे ४० तास लागतील; आणि तेही केवळ दोन गोलांच्या साध्या देखाव्याला.

व्हिटेड यांनी आणखी एक गोष्ट मोजली. साध्या देखाव्यातदेखील सुमारे ७५ टक्के वेळ ‘हा किरण कोणत्या पृष्ठभागाला छेदतो?’ या एका प्रश्नात जात होता, आणि गुंतागुंतीच्या देखाव्यात हे प्रमाण ९५ टक्क्यांपर्यंत चढत होते. हे निरीक्षण लक्षात ठेवावे. पुढे त्याचे महत्त्व कळेल.

उष्णतेच्या शास्त्राकडून उसनवारी

व्हिटेड यांच्या चित्रात चकचकीत गोल उत्तम दिसत, पण खोली दाखवायची म्हटली तर पद्धत अपुरी पडे. खिडकीतून आलेले ऊन जमिनीवर पडते, जमिनीवरून छताकडे उडते, तेथून भिंतीवर येते. लाल भिंतीशेजारच्या पांढऱ्या भिंतीवर किंचित लाली दिसते ती यामुळेच. घराच्या आतल्या भागाचे चित्र खरे वाटण्यासाठी हा पसरट प्रकाश हवाच.

हे काम अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात झाले. तेथील डोनाल्ड ग्रीनबर्ग यांचे शिक्षण वास्तुकला आणि अभियांत्रिकी या दोन्ही विषयांतले. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी विद्यार्थ्यांसह कॉर्नेलच्या परिसराची संगणकीय चित्रफीत बनवली, तेव्हा विद्यापीठात त्यासाठी योग्य यंत्रच नव्हते. त्यांनी सिरॅक्यूज येथील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेतील यंत्र, तेथले दिवसाचे काम संपल्यावर, रात्री वापरले. साधने अपुरी असली की यंत्राच्या मोकळ्या रात्री कामाला जुंपायच्या, हा या व्यवसायातला सगळ्यांत जुना आणि आजही टिकून असलेला नियम म्हणता येईल.

१९८४ साली गोरल, टॉरन्स, ग्रीनबर्ग आणि बॅटेल यांनी भट्टीच्या भिंती एकमेकींना उष्णता कशी देतात याची अभियंत्यांना माहीत असलेली समीकरणे प्रकाशाला लावली. त्यांनी तपासणीसाठी घेतलेली रंगीत भिंतींची पेटी ‘कॉर्नेल बॉक्स’ म्हणून ओळखली जाते. १९८६ साली याच गटाने खरी पेटी आणि संगणकाचे चित्र शेजारी शेजारी ठेवून पाहणाऱ्यांना विचारले, ‘खरे कोणते?’ लोकांची उत्तरे निव्वळ अंदाजाने दिल्यासारखीच निघाली. न बांधलेल्या घराचे छायाचित्र शक्य आहे, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

सोडत आणि खडबडीत चित्र

त्याच १९८६ साली जेम्स काजिया यांनी प्रकाशाच्या सर्व प्रवासांना सामावून घेणारे एकच समीकरण मांडले. ते सोडवण्यासाठी त्यांनी ‘माँटे कार्लो’ पद्धत घेतली. १९४० च्या दशकात लॉस अलामोस येथे न्यूट्रॉनांची वाटचाल मोजण्यासाठी उलम आणि फॉन नॉयमन यांनी वापरलेली हीच पद्धत आम्ही संशोधक आजही वापरतो. प्रत्येक आपटीनंतर किरणाने कोणत्या दिशेने जावे हे सोडत काढून ठरवायचे आणि अशा पुष्कळ प्रवासांची सरासरी घ्यायची.

वर्गात हे सहज दाखवता येते. कागदावर एक चौरस आणि त्यात बसणारे वर्तुळ काढावे. त्यावर ज्वारीचे दाणे विखरून टाकावेत. वर्तुळातील दाण्यांना चौरसातील एकूण दाण्यांनी भागून चाराने गुणले की ‘पाय’ची अदमासे किंमत मिळते. दाणे वाढवले की उत्तर सुधारते, पण फार संथपणे. चूक निम्मी करायची तर दाणे चौपट लागतात. दहावा हिस्सा करायची तर शंभरपट. चित्रात ही चूक वाळूसारख्या खडबडीत ठिपक्यांच्या रूपाने दिसते. खोलीचे चित्र स्वच्छ दिसावे म्हणून प्रत्येक बिंदूसाठी ५०० प्रवास घेतले असे धरू. वरच्या हिशेबातले ४० तास ५०० ने गुणले, तर २०,००० तास होतात, म्हणजे सव्वादोन वर्षांहून अधिक!

म्हणून काटकसर शोधणे भाग होते. बर्कली येथील प्रयोगशाळेत ग्रेग वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली सुचवले की, पसरट प्रकाश भिंतीवर हळूहळू बदलतो. तेव्हा तो मोजक्या जागी नीट मोजावा आणि मधल्या जागी अंदाजाने भरावा. हवामानखाते मोजक्या केंद्रांवरून सगळ्या जिल्ह्याचा पाऊस सांगते, तसेच हे.

टेबलावर आलेली प्रयोगशाळा

१९८१ साली आय. बी. एम. चा वैयक्तिक संगणक आला आणि १९८२ च्या अखेरीस त्यावर चालणारे ऑटोकॅड. १९९० साली ‘थ्रीडी स्टुडिओ’ बाजारात आले. त्याला ३८६ प्रोसेसर आणि जोडीला गणिताची वेगळी चिप लागे. तरीही महागड्या सिलिकॉन ग्राफिक्स यंत्राशिवाय, लहान कार्यालयाला हे काम घेणे शक्य झाले. २००२ साली बल्गेरियातील सोफियाच्या एका लहान कंपनीने ‘व्ही-रे’ काढले, आणि काटकसरीच्या वरील युक्त्या सामान्य संगणकावर उपलब्ध झाल्या. ३२ बिटांच्या संगणकाला ४ गिगाबाइटांपलीकडची मेमरी थेट हाताळता येत नसे, त्यामुळे झाडांऐवजी झाडांचे फोटो चिकटवावे लागत. २००३ नंतर ६४ बिटांचे स्वस्त प्रोसेसर आले आणि पानापानांचे झाड उभे करता येऊ लागले.

दरम्यान खेळांच्या बाजारपेठेवर ग्राफिक्स कार्डे वाढत होती. त्यांत हजारो लहान गणकघटक एकच आज्ञा वेगवेगळ्या आकड्यांवर एकाच वेळी चालवतात. २००७ पासून ‘कुडा’मुळे ही ताकद इतर गणितासाठी वापरणे सोपे झाले. आणि २०१८ साली एन्व्हिडियाने किरण आणि त्रिकोण यांचा छेद शोधणारे मंडल थेट कार्डावरच कोरले. व्हिटेड यांनी १९८० साली ज्या प्रश्नात सर्वाधिक वेळ जातो म्हणून सांगितले होते, नेमका तोच प्रश्न अडतीस वर्षांनी धातू आणि सिलिकॉनमध्ये उतरला. फुटलेल्या दोन वाटा येथे पुन्हा एकत्र आल्या.

वाट पाहण्याचे दोन प्रकार

एवढी प्रगती झाल्यावर चित्रकाराचे वाट पाहणे संपले असेल, असे वाटेल. तसे झाले नाही. जिम ब्लिन यांच्या नावाने एक नियम सांगितला जातो: यंत्रे वेगवान झाली तरी एका चित्राला लागणारा वेळ तेवढाच राहतो. कारण मिळालेला वेग माणूस अधिक झाडे, अधिक दिवे, अधिक बिंदू यांवर लगेच खर्च करून टाकतो. म्हणून ‘सर्वांत वेगवान यंत्र कोणते?’ हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. ‘आपला माणूस कोठे खोळंबतो?’ हा प्रश्न विचारला पाहिजे.

हा खोळंबा दोन प्रकारचा असतो. प्रारूप रचताना, भिंत सरकवली आणि पडदा अडला, हा पहिला. हे काम बहुतांशी एकापाठोपाठ एक अशा पायऱ्यांचे असते. तेथे अनेक गाभ्यांपेक्षा एका गाभ्याचा वेग उपयोगी पडतो. दुसरा खोळंबा अंतिम चित्र काढतानाचा. तेथे प्रत्येक बिंदू स्वतंत्र असल्याने काम वाटून देता येते. पण त्यालाही मर्यादा आहे. ती जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली दाखवली. समजा, एका यंत्रावर ६० मिनिटे लागतात आणि त्यांतील ५ मिनिटे देखावा मेमरीत भरण्याची, न वाटता येणारी आहेत. पाच यंत्रे लावली तर ५ + ११ = १६ मिनिटे; अकरा लावली तर १०; शंभर लावूनही ५ च्या खाली जाता येणार नाही.

चलत्चित्राचा हिशेब वेगळा. सेकंदाला २५ प्रमाणे एका मिनिटाची १,५०० चित्रे होतात. प्रत्येकी १० मिनिटे धरली तर २५० तास, म्हणजे एका यंत्रावर दहा दिवसांहून अधिक. येथे मात्र प्रत्येक चित्र वेगळे, म्हणून पाच साधी यंत्रे सुमारे दोन दिवसांत काम उरकतात, आणि एक बंद पडले तरी उरलेली चालू राहतात. १९९५ च्या ‘टॉय स्टोरी’साठी ११७ यंत्रे अशीच अहोरात्र राबली होती.

यावरून लहान कार्यालयाने काढायचा अर्थ असा. बसून काम करण्याच्या यंत्रात गाभ्याचा वेग आणि भरपूर मेमरी असावी. स्थिर चित्रांसाठी एक चांगले ग्राफिक्स कार्ड असावे. पण घेताना आपला सर्वांत मोठा देखावा त्याच्या मेमरीत मावतो का, हे आधी पाहावे. मावला नाही तर वेग ढासळतो किंवा काम अडते. जुनी यंत्रे टाकून न देता रात्रीच्या कामाला लावावीत, आणि वीज गेल्यावर रात्रभराचे काम वाया जाऊ नये म्हणून यू. पी. एस. चा खर्च टाळू नये. दिवसा लहान आणि खडबडीत चित्रे काढून गिऱ्हाइकाची संमती घ्यावी. मोठे चित्र एकदाच, रात्री काढावे. हा शेवटचा नियम कोणत्याही यंत्रखरेदीपेक्षा अधिक वेळ वाचवतो, असे आम्हाला वाटते.

सूर्य कोणत्या दिशेला?

एक गोष्ट मात्र कोणतेही यंत्र करत नाही. प्रकाशाचे गणित अचूक असले, तरी सूर्य कोठे ठेवायचा हे माणूस ठरवतो. पुण्याच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे साडेअठरा अंश उत्तरेला, मध्यान्हीचा सूर्य मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतच उत्तरेकडे असतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या सज्जात डिसेंबरच्या दुपारचे ऊन दाखवणारे चित्र कितीही सुंदर असले तरी खोटे आहे. शहराचा अक्षांश, दिनांक आणि वेळ भरून सूर्य ठेवण्याची सोय या कार्यक्रमांत असते. ती वापरायला नवे यंत्र लागत नाही.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एखाद्या फलकासमोर जरूर न्यावे. उत्तर दिशा कोणती ते होकायंत्राने पाहावे, चित्रातील सावली पाहावी आणि विचारावे: हे ऊन या भिंतीवर कोणत्या महिन्यात, किती वाजता पडेल? ज्या विद्यार्थ्याला हे उत्तर काढता येईल, तो उद्या घर घेताना फसण्याची शक्यता कमी, आणि अशी चित्रे काढायला बसला तर दुसऱ्याला फसवण्याचीही.