५०० पौंडांची तबकडी

गाण्यांची तबकडी काढायची तर लंडनच्या बड्या कंपन्यांचे उंबरठे झिजवायचे, ही ब्रिटनमधली तेव्हाची रीत. मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' या चार तरुणांच्या रॉक बँडने ती मोडली. घरच्यांकडून, मित्रांकडून सुमारे ५०० पौंड उसने घेऊन २८ डिसेंबर १९७६ रोजी त्यांनी चार गाणी ध्वनिमुद्रित केली. जानेवारी १९७७मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' ही तबकडी 'न्यू हॉर्मोन्स' या स्वतःच्याच नाममुद्रेखाली काढली. वादन ओबडधोबड, पण लपवाछपवी नाही. कोणतं गाणं कितव्या प्रयत्नात जमलं, हेही वेष्टनावर छापलेलं! पहिल्या १,००० प्रती हातोहात खपल्या. पुढे हा आकडा १६,०००च्या घरात गेला. मंडळी, तबकडी आपली आपणही काढू शकतो, हे गावोगावच्या पोरांना कळलं. तिची खरी कमाई हीच.