दंतकथा आणि दप्तर : जॉन फोर्डच्या वेस्टर्न चित्रपटांविषयी

आमच्या पिढीतील अनेकांना अमेरिकेचा इतिहास पुस्तकात भेटण्यापूर्वी पडद्यावर भेटला. रविवारी सकाळच्या खेळाला कमी दरात इंग्रजी चित्रपट लागत. संवाद निम्मेही कळत नसत. पण घोड्यांच्या टापा, धुळीचे लोट आणि ओसाड रस्त्यावर समोरासमोर उभी ठाकलेली दोन माणसे यांना भाषांतराची गरज नव्हती. या चित्रपटांना ‘वेस्टर्न’ म्हणतात हे पुष्कळ उशिरा कळले. आज उतारवयात ते पुन्हा पाहताना आनंद तसाच होतो, पण त्याच्या जोडीला एक प्रश्नही येतो : यातले खरे किती, आणि खरे नाही हे कळल्यावरही ते आवडते ते का? आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती सिद्ध होत असताना या प्रश्नाने आम्हांला बरेच छळले. त्याविषयी शेवटी सांगू.

पडद्यावरचा हा ‘पश्चिम’ प्रत्यक्षात फार थोडा काळ टिकला. 1862 च्या कायद्याने, पाच वर्षे वस्ती करून जमीन कसणाऱ्यास 160 एकर सरकारी जमीन मिळू लागली. 1865 मध्ये यादवी युद्ध संपले. 1867 पासून टेक्सासमधील गुरांचे कळप शेकडो मैल हाकत कॅन्ससमधील रेल्वेच्या ठाण्यांपर्यंत नेले जाऊ लागले. 1869 मध्ये पूर्व आणि पश्चिम रेल्वेने जोडली गेली. 1874 मध्ये काटेरी तारेचे पेटंट निघाले आणि मोकळ्या कुरणांना कुंपणे पडू लागली. 1885 च्या सुमारास ते लांब पल्ल्याचे कळप जवळजवळ थांबले, आणि 1890 च्या जनगणनेत ‘सरहद्दीची रेषा आता उरली नाही’ असा निष्कर्ष निघाला. सारा कारभार अवघ्या पंचवीस वर्षांचा! त्यातील ‘काउबॉय’ हा पगारी गुराखी होता. त्याच्या कामाची पद्धत आणि पुष्कळसे शब्दही मेक्सिकन गुराख्यांकडून आलेले. त्याच्या सोबत्यांत कृष्णवर्णीयही बरेच होते. पडद्याने मात्र अनेक दशके त्यांना जवळपास पुसूनच टाकले.

विशेष असे की, तो काळ सरण्याआधीच त्याचा तमाशा सुरू झाला होता. ‘बफेलो बिल’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या विल्यम कोडीने 1883 मध्ये आपला ‘वाइल्ड वेस्ट’ खेळ सुरू केला. लाकोटांचा विख्यात पुढारी सिटिंग बुल 1885 मध्ये त्या खेळाबरोबर गावोगाव हिंडला. ज्याच्या लोकांनी अमेरिकन लष्कराशी प्रत्यक्ष युद्ध केले, तोच तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर उभा राहिला! पुढे 1903 मध्ये ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ हा सुमारे बारा मिनिटांचा चित्रपट निघाला. पश्चिमेच्या या गाजलेल्या कथेचे चित्रण मुख्यतः पूर्वेकडील न्यू जर्सीत झाले होते.

या दंतकथेला अभिजात रूप दिले ते जॉन फोर्ड या दिग्दर्शकाने. तोही मूळचा पश्चिमेचा नव्हे. आयर्लंडहून आलेल्या आईबापांच्या पोटी 1894 मध्ये त्याचा जन्म झाला, तो ईशान्येकडील मेन राज्यात. 1939 च्या ‘स्टेजकोच’मध्ये त्याने नऊ माणसांना एका घोडागाडीत बसवले आणि ती गाडी मॉन्युमेंट व्हॅलीतून हाकली. ॲरिझोना आणि यूटा यांच्या सीमेवरची, तांबड्या शिलास्तंभांची ही दरी नावाहो लोकांच्या भूमीत आहे. पुढे पंचवीस वर्षे फोर्ड तेथे परतत राहिला. ‘द सर्चर्स’मध्ये ती दरी टेक्सास झाली, ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’मध्ये शेकडो मैल दूर असलेल्या टूमस्टोन गावाचा परिसर झाली, आणि तेथील नावाहो माणसे पडद्यावर अपाचे झाली.

1946 चा ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’ दप्तराशी ताडून पाहण्याजोगा आहे. टूमस्टोनमधील ओके कोरल या पागेजवळची चकमक 26 ऑक्टोबर 1881 रोजी झाली. ती अर्धा मिनिटभर चालली आणि तीन माणसे ठार झाली. वादाच्या मुळाशी, गावात शस्त्र बाळगण्यास बंदी करणारा नियम हे एक कारण होते. फोर्डच्या चित्रपटात ही घटना 1882 मध्ये घडते आणि डॉक हॉलिडे तीत मरण पावतो. प्रत्यक्षातला हॉलिडे 1887 मध्ये कोलोरॅडोत क्षयाने वारला. विरोधी पक्षाचा वृद्ध क्लँटन तर चकमकीच्या आधीच मारला गेला होता; चित्रपटात तो शेवटपर्यंत जिवंत आहे.

इतक्या चुका हाती आल्यावर चित्रपटाचा राग यावा. पण येत नाही. त्यात एक प्रसंग आहे. रविवारची सकाळ आहे. गावातले चर्च अजून पुरते उभे राहिलेले नाही. केवळ लाकडी सांगाडा आणि फळ्यांची जमीन. त्या फळ्यांवर गावकरी नाच करतात, आणि अवघडलेला मार्शल पाहुण्या तरुणीसह त्यांत सामील होतो. तेथे गोळी सुटत नाही, कोणी मरत नाही. चार दिशांनी आलेल्या माणसांचे गाव होते आहे, एवढेच घडते. परमुलखात येऊन ज्यांच्या पूर्वजांनी आधी एक गणपती बसवला, मग एक वाचनालय काढले, त्यांना हा प्रसंग समजावून द्यावा लागत नाही. या चित्रपटांचा खरा रस पिस्तुलांपेक्षा अशा जागी आहे असे आम्हांला वाटते.

फोर्डचे मोठेपण असे की, आपण रचलेल्या दंतकथेवर त्याने स्वतःच शंका घेतली. 1948 च्या ‘फोर्ट अपाचे’मध्ये एक गर्विष्ठ कर्नल अपाच्यांना दिलेला शब्द मोडतो आणि आपल्या सैनिकांसह नाहक मरतो, पण अखेरीस वार्ताहरांसमोर त्याच्या वीरत्वाचीच कथा कायम राखली जाते. 1956 च्या ‘द सर्चर्स’चा नायक कोमांच्यांनी पळवलेल्या पुतणीला वर्षानुवर्षे शोधतो, तो तिला वाचवण्यासाठी की ती ‘त्यांची’ झाली म्हणून मारण्यासाठी, हेच आपल्याला बराच वेळ कळत नाही. तो तिला घरी आणतो. मात्र शेवटी दार मिटते तेव्हा तो बाहेरच असतो. 1962 च्या ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’मध्ये एक वृद्ध सिनेटर कबूल करतो की, ज्या गुंडाला मारल्याच्या कीर्तीवर आपले सारे आयुष्य उभे आहे त्याला आपण मारलेच नाही, मारणारा दुसराच, आज निनावी मेलेला. वृत्तपत्राचा संपादक सर्व ऐकून घेतो आणि टिपणे फाडून टाकतो. त्याला दंतकथाच छापायची आहे. 1964 च्या ‘शायान ऑटम’मध्ये फोर्ड पलीकडच्या बाजूस गेला. 1878 मध्ये उत्तरेकडील शायान जमातीची तीनशेहून अधिक माणसे दक्षिणेतली सक्तीची वस्ती सोडून मायभूमीकडे निघाली, त्यांची ही कथा. परंतु त्यातही शायानांच्या प्रमुख भूमिका इतरांनीच केल्या. मार्ग अर्धाच चालून झाला होता.

आता कुलवृत्तांताविषयी. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले की, मूळपुरुष होळकरांच्या फौजेबरोबर माळव्यात आले, तलवार गाजवली आणि जमीन इनाम मिळवली. आमच्याच माळ्यावरील रुमालात मोडी कागद निघाले, त्यांत वेगळे आहे. मूळपुरुष कमाविसदाराच्या कचेरीत पगारी कारकून होते. जमीन मागाहून मिळाली, आणि ती आधीपासून कसणाऱ्यांची नावेही त्याच कागदात ओळीने लिहिली आहेत. आमच्या कुलवृत्तांताच्या कोणत्याही आवृत्तीत ती आजवर आलेली नाहीत.

आमचे एक वडीलधारे चुलतबंधू म्हणाले, ‘कागद राहू द्या. मुलांना अभिमान वाटेल असे काही त्यांत नाही.’ त्या क्षणी टिपणे फाडणारा संपादक आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. बखरींवर वाढलेल्या आपल्या समाजाला हा पेच नवा नाही. राजवाड्यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत बखरींची कठोर झडती घेतली. म्हणून बखरी वाचणे कोणी सोडले नाही. फक्त त्या कशासाठी वाचायच्या हे कळले : घडले काय यासाठी नव्हे, तर आपल्या लोकांना काय घडावेसे वाटत होते यासाठी. वेस्टर्न चित्रपटही आम्ही आता असेच पाहतो, आणि आनंद कमी होत नाही.

नव्या आवृत्तीत तलवारीची कथा पूर्वीप्रमाणेच पहिल्या पानावर राहील. ती आजीच्या तोंडून ऐकलेली आहे आणि तिच्याच शब्दांत छापली जाईल. समोरच्या पानावर तो मोडी कागद बाळबोधीत येईल, कसणाऱ्यांच्या सर्व नावांसह. चुलतबंधूंनी अद्याप संमती दिलेली नाही. येत्या रविवारी त्यांना घरी बोलावले आहे. आधी ‘लिबर्टी व्हॅलन्स’ दाखवू, मग मुद्रिते पुढे ठेवू.